नादारीचा अर्ज: राहतं घर, पगार, पीपीएफ, दागिने यांतलं काय वाचतं?

खतावणी_भोसरी

एका ग्राहकाच्या कागदांवरून विचारतोय, नावगाव गाळून. भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ, एक मिलिंग मशीन. धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे सगळी देणी अंगावर. गाळा बंद केलाय, आता चाकणला नोकरी, पगार ४६,०००.

बिनतारणी देणी ३८ लाख: दोन फायनान्स कंपन्यांचं व्यवसाय कर्ज १७, क्रेडिट कार्डं ६, हातउसने ९, माल देणाऱ्यांचे ६ (त्यांना पुढच्या तारखांचे चेक दिलेत). याशिवाय चिखलीतल्या फ्लॅटवर गृहकर्ज २२ लाख बाकी. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर, किंमत आज साधारण ४८ लाख. हप्ते चालू आहेत. मिलिंग मशीन बँकेकडे तारण.

एका फायनान्स कंपनीने लवादाचा निवाडा घेऊन शिवाजीनगरला (पुण्याच्या जिल्हा न्यायालयात) दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या वसुलीचा अर्ज, लावली आहे.

बाकी मालमत्ता: ईपीएफ, पीपीएफमध्ये ४ लाख, एलआयसीच्या दोन पॉलिसी, स्कूटर, बायकोचे दागिने, जुन्नर तालुक्यात भावासोबत सातबाऱ्यावर ३० गुंठे.

त्याला नादारी (देणी फेडता येत नाहीत असा कोर्टाचा हुकूम) जाहीर करून घ्यायची आहे आणि त्याआधी फ्लॅटमधला आपला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने द्यायचा आहे. मुद्रांक २०० रुपये आणि वर अधिभार एवढ्यातच होतंय म्हणून घाई. कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय होतं?

दरखास्तवाला

बक्षीसपत्र आधी थांबवा, त्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी कायदा आणि यादी सांगतो.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींबद्दलचा भाग अजून सर्वांना लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. तुमचा माणूस प्रोप्रायटर, म्हणून पुण्यात त्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. (मुंबई शहरात १९०९ चा वेगळा कायदा आहे. त्याचे मसुदे इंटरनेटवरून उतरवून पुण्यात दाखल करणारेही भेटतात.) अर्ज जिल्हा न्यायालयात. कलम १० ची रकमेची अट ५०० रुपये, म्हणजे आज ती नसल्यासारखीच. खरी अट एकच, की देणी फेडणं शक्य नाही हे सकृद्दर्शनी दाखवता आलं पाहिजे.

नादार ठरवण्याचा हुकूम झाला की कलम २८ प्रमाणे त्याची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस) जाते, आणि तीही अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून गेली असं धरतात. पण त्याच कलमाच्या पोटकलम ५ मध्ये सूट आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेने जी वस्तू जप्तीतून वगळली आहे ती रिसीव्हरकडेही जात नाही. अपवाद हिशेबाच्या वह्यांचा, त्या द्याव्याच लागतात. म्हणून सगळी लढाई संहितेच्या कलम ६० ची आहे. बाकी "माझ्या चुलत्यांनी असं केलं होतं" हे विसरा.

कलम ६० प्रमाणे वाचतं ते असं: नवरा-बायको-मुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावरून उतरवता न येणारा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याची अवजारं, कोर्टाला गरजेची वाटतील तेवढी जनावरं आणि बियाणं. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ. स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे. भाडे नियंत्रण कायद्याखालची राहत्या जागेची भाडेकरू म्हणून असलेली वहिवाट, म्हणजे पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या असतील तर त्या वाचतात. लिव्ह अँड लायसन्सवरचा फ्लॅट त्यात बसत नाही, आणि त्याची अनामत रक्कम तर सरळ घेणं आहे, तिच्यावर जप्ती येते.

टीव्ही, फ्रिज, सोफा, स्कूटर, लॅपटॉप यांना नाव घेऊन संरक्षण नाही. प्रत्यक्षात जुन्या फ्रिजमागे कोणी लागत नाही, कारण लिलावाचा खर्चही निघत नाही. पण तो कायद्याने वाचलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

पगाराचा हिशेब: पहिले १,००० सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे. ४६,००० मधून १,००० गेले, ४५,००० चा तिसरा भाग १५,०००. दरमहा एवढंच अडकू शकतं, ३१,००० हातात राहतात. दरखास्तीत आणखी एक मर्यादा आहे. एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने पगार जप्त झाला की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र सूट फक्त एक तृतीयांशाची.

आता एक प्रश्न, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. चाकणच्या नोकरीत त्याचं पद काय? ऑपरेटर की सुपरवायझर?

खतावणी_भोसरी

नेमणूकपत्रावर "सीएनसी ऑपरेटर". पगारपत्रकावरही तेच. पण पदावरून काय फरक पडतो?

दरखास्तवाला

सगळाच पडतो. कलम ६०(१) च्या खंड (h) मध्ये मजुराचं वेतन पूर्ण वाचतं, वरची एक तृतीयांशाची भानगडच नाही. आणि खंड (c) मध्ये शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचं स्वतःच्या मालकीचं आणि स्वतः राहत असलेलं घर, त्याखालच्या आणि लगतच्या जागेसह, वाचतं. (मराठी-इंग्रजी प्रतींत अक्षरं वेगळी दिसतील, मजकूर जुळवून घ्या.) मजूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाटी वाहणारा येतो. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण वाचा: मजुरात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल तिन्ही येतात, आणि वेतनात बोनसही येतो. मशीनवर उभा राहून हाताने काम करणारा ऑपरेटर कुशल मजूर आहे, हा मुद्दा भक्कम मांडता येतो. चार ऑपरेटरांवर देखरेख करणारा, रजा मंजूर करणारा सुपरवायझर असेल तर अवघड. बँकेतला कारकून किंवा आयटीतला इंजिनिअर असेल तर त्याचा फ्लॅट या खंडात बसतच नाही. पुण्यातल्या बहुतेक पगारदारांचा गैरसमज इथेच असतो. "राहतं घर कोणी घेऊ शकत नाही" असा सरसकट नियम नाही.

घेणेकऱ्यांचा वकील काय म्हणेल तेही लिहून ठेवा. कालपर्यंत हा कारखानदार होता, आज पद बदलून मजूर कसा झाला? म्हणून पुरावा कागदाचा हवा: नेमणूकपत्र, किमान सहा महिन्यांची पगारपत्रकं, पगार जमा होणारं बँक पासबुक, ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर त्याचा क्रमांक, शिफ्टच्या हजेरीचा उतारा, आणि कंपनीकडून कामाच्या स्वरूपाबद्दल दोन ओळींचं पत्र. सूट मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते. कोर्ट आपणहून देत नाही. अर्ज करताना मालमत्तेच्या यादीत फ्लॅट दाखवायचा आणि त्याच्यापुढे "सूट मागितली आहे" असं लिहायचं. यादीतून गाळायचा नाही.

बँकेने "मी कलम ६० चा हक्क सोडतो" अशी ओळ करारात घालून सही घेतली असेल तरी ती ओळ निरर्थक. ६०(१अ) तेच सांगतं.

मुठाकाठ

वरचं बरोबर, पण गृहकर्जाच्या बँकेला यातलं काहीही लागू नाही, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. ज्याच्याकडे घर गहाण आहे तो तारणधारक नादारीच्या बाहेर उभा राहून वसुली करतो, कलम २८(६). सरफेसी कायद्याने (बँकेला तारणातून थेट वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा. त्याविरुद्ध पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं तर ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवस. तेव्हा मजूर असो वा नसो, हप्ते चालू ठेवणं हाच या फ्लॅटचा पहिला बचाव. मिलिंग मशीनही तसंच, ती बँकेची समजा.

उरलेल्या दोन लेथ? "कारागिराची हत्यारं" म्हणून वाचवायला बघतात लोक. स्वतः एकटा लेथवर बसणारा टर्नर असेल आणि पोट त्यावरच असेल तर मुद्दा आहे. गाळा बंद आणि माणूस दुसरीकडे नोकरीला असेल तर ती हत्यारं राहिली नाहीत, भंगार किंवा माल झाला. तिथे शक्ती घालवू नका.

आता बक्षीसपत्र. नादारी कायद्याचं कलम ५३: हस्तांतरानंतर दोन वर्षांत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर मोबदल्याशिवायचं हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. सुटतं ते फक्त प्रामाणिक खरेदीदाराला योग्य किमतीला दिलेलं, किंवा लग्नाआधी लग्नाच्या मोबदल्यात दिलेलं. बायकोला प्रेमापोटी दिलेलं यात बसत नाही. आणि दोन वर्षं थांबून अर्ज करू म्हणाल, तर मालमत्ता हस्तांतर कायद्याचं कलम ५३ आहेच, घेणेकऱ्यांना चुकवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतर कोणताही घेणेकरी आव्हानू शकतो. इथे दरखास्त लागलेली असताना दस्त होणार, हेतू वेगळा सिद्ध करायची गरजही उरत नाही. दुय्यम निबंधकाकडची तारीखच बोलेल.

नुकसान दुहेरी आहे. दस्त रद्द होतोच, वर नादारी कायद्याच्या कलम ६९ खाली मालमत्ता लपवल्याचा किंवा फसवून हलवल्याचा आरोप, एक वर्षापर्यंत कैद. आणि नंतर मुक्ततेचा हुकूम (उरलेल्या देण्यांतून सुटका) मागायला जाल तेव्हा हेच पान उघडलं जाईल. मुळात मजूर म्हणून सूट मिळण्यासारखी असताना घर दुसऱ्याच्या नावावर करणं म्हणजे "मालकीचं आणि राहतं" यातलं "मालकीचं" आपल्याच हाताने खोडणं.

हाच नियम हातउसन्यांना. "मेहुण्याचे ३ लाख आधी देऊन टाकतो, बाकीचे बघतील" हे नादारी कायद्याचं कलम ५४. एकाला झुकतं माप देण्यासाठी केलेली फेड, त्यानंतर तीन महिन्यांत अर्ज दाखल झाला, तर रद्द. रिसीव्हर मेहुण्याकडून पैसे परत मागतो. नातं पण जातं आणि पैसे पण.

खतावणी_भोसरी

समजलं, बक्षीसपत्र रद्द. सूट नाहीच मिळाली असं धरलं तर फ्लॅटचं गणित कसं होतं? आणि दागिने, विमा, जुन्नरची जमीन?

मुठाकाठ

४८ मधून कर्जाचे २२ वजा, उरले २६ लाख. निम्मा हिस्सा बायकोचा धरला तर त्याचे १३ लाख रिसीव्हरच्या हाती. बायकोचा हिस्सा खरा आहे हे दाखवायला तिच्या खात्यातून गेलेले हप्ते, तिच्या माहेरून आलेले पैसे, कर्जात ती सहकर्जदार असल्याचा कागद काढून ठेवा. नाहीतर रिसीव्हर म्हणणार की नाव तिचं, पैसा सगळा त्याचा.

त्यातून मार्ग दोन. एक, बायकोने किंवा तिच्या भावाने त्याचा हिस्सा कोर्टाच्या मान्यतेने योग्य किमतीला रिसीव्हरकडून घ्यायचा. अर्धा फ्लॅट बाहेरचा कोणी घ्यायला येत नाही, त्यामुळे घरच्या खरेदीदाराचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता बरी असते. दोन, कलम ३८ ची तडजोड: देणी सिद्ध केलेल्या घेणेकऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश यांनी मान्य केलं आणि कोर्टाला वाजवी वाटलं, तर ठरलेली रक्कम सगळ्यांवर बंधनकारक. इथे ३८ लाखांचे तीन चतुर्थांश म्हणजे साडेअठ्ठावीस. दोन फायनान्स कंपन्यांकडेच १७ आहेत, त्या नाही म्हणाल्या तर तडजोड होत नाही. म्हणून बोलणी आधी त्यांच्याशी.

जुन्नरची जमीन वाचत नाही. शेतकरी म्हणजे स्वतः कसणारा आणि उपजीविका मुख्यतः शेतीवर असणारा. चाकणला नोकरी करणारा त्यात नाही. जातो तो फक्त त्याचा हिस्सा, भावाचा नाही. सारा भरणाऱ्या अविभक्त जमिनीचं सरसनिरस वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, त्यात भरपूर वेळ जातो. भावाला आजच कल्पना द्या. त्याला परस्पर हक्कसोडपत्र मात्र लिहून देऊ नका, तेही वरच्याच जाळ्यात येतं.

पॉलिसीबंद

विमा आणि निधीबद्दल, कारण इथे लोक चांगली वाचलेली रक्कम स्वतःच बाहेर काढतात.

पीपीएफ खात्यात आहे तोवर कोणत्याही कोर्टाची जप्ती त्यावर येत नाही. ईपीएफही जप्तीतून वगळलेला आहे, १९५२ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये तर प्रांतिक नादारी कायद्याच्या रिसीव्हरचं नाव घेऊनच. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याचं कलम १३ होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण वसुलीवाल्यांचे फोन वाढले की माणूस ४ लाखांचा पीपीएफ मोडतो, बचत खात्यात आणतो, आणि दुसऱ्या दिवशी खातं गोठतं. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांची मुदतठेव केली तरी त्यांचं संरक्षण जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं आहे. तरी ते सांगायला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि तोवर खातं बंद. अशा पैशांसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात दुसरा एकही रुपया मिसळू नका.

एलआयसी: पॉलिसी त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर असेल तर तिचे पैसे कलम ६० ने वाचतात. त्यावर कर्ज काढून ती तारण दिली असेल तर त्या कर्जापुरत्या नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, कलम ६, पत्नी-मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी आणखी भक्कम, ती विश्वस्त मालमत्ता होते, घेणेकऱ्यांचा संबंध नाही. मात्र ते प्रस्ताव भरतानाच करावं लागतं. नुसतं नामनिर्देशन म्हणजे ते नव्हे. आणि आता कर्जबाजारी झाल्यावर मोठा हप्ता भरून नवी काढली तर घेणेकऱ्यांना चुकवण्याचा हेतू दिसतो, तेवढ्यापुरते हप्ते परत खेचले जातात.

दागिने: स्त्रीधन बायकोचं, नवऱ्याच्या नादारीत ते येतच नाही. अडचण सिद्ध करण्याची. सराफाच्या पावत्या तिच्या नावावर, लग्नातले फोटो, लॉकर तिच्या एकटीच्या नावावर. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर वाद ठरलेला. दरखास्तीत बेलीफाने दागिने किंवा तिच्या वस्तू जप्त केल्या तर बायकोने स्वतःच्या नावाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ५८ चा हरकतीचा अर्ज लगेच करायचा, लिलाव होईपर्यंत थांबायचं नाही. बेलीफ सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरू शकत नाही. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. वस्तू कोणाची आहे हे त्यातच नोंदवून घ्यावं.

एक राहिलं. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथलंच क्रेडिट कार्ड थकलं असेल तर बँक खात्यातली रक्कम परस्पर वळती करते. कर्ज नसलेल्या बँकेत पगार घ्या. खातं बदलणं लपवाछपवी नव्हे, नवं खातं यादीत दाखवलं म्हणजे झालं.

शिवाजीनगर_गेट४

चेकचं कोणी बोललं नाही. नादारीचा अर्ज केला म्हणून कलम १३८ ची (चेक न वटल्याची) फौजदारी थांबत नाही. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस फेडायला, ते संपल्यावर महिन्याच्या आत तक्रार. माल देणाऱ्यांचे ६ लाख म्हणजे या माणसाची खरी डोकेदुखी ती आहे, क्रेडिट कार्ड नव्हे. त्यांच्याशी हप्ते ठरवून चेक परत घ्यायचे का, हे अर्जाआधी वकिलाशी बोलून घ्या, कारण वर लिहिलेलं झुकत्या मापाचं कलम ५४ तिथेही डोकावतं.

हातउसन्यांसाठी किंवा व्यवसाय कर्जासाठी कोणी जामीन राहिलं असेल तर तो सुटत नाही. नादाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार आणि सहकर्जदार बांधलेलेच, नादारी कायद्याचं कलम ४४(३). सरकारी देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी तर मुक्ततेनंतरही नादाराच्या अंगावरच राहतात. जीएसटीची थकबाकी आहे का बघा.

लवादाचा निवाडा एकदा नीट पाहा. लवाद फायनान्स कंपनीनेच एकतर्फी नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाचा (वादात हितसंबंध असलेल्याने एकट्याने लवाद नेमू नये) मुद्दा आहे. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत प्रत मिळाल्यापासून तीन महिने, कारण दाखवून आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. दरखास्तीत तुरुंगाची धमकी देत असतील तर घाबरू नका. पैसे असून न देणारा आणि पैसेच नसणारा यांत कोर्ट फरक करतं, १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालापासून तसंच आहे. नादार ठरल्यावर अटकेपासून संरक्षणाचा हुकूम कलम ३१ खाली वेगळा मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आणि नादार ठरला की काम संपलं असं नाही. हुकुमात मुक्ततेच्या अर्जाची मुदत दिलेली असते. ती चुकली तर कलम ४३ ने नादारी रद्द होते आणि सगळे घेणेकरी पुन्हा दारात. ही तारीख लोक हमखास विसरतात, कारण तोवर फोन बंद झालेले असतात. मुक्ततेच्या वेळी कोर्ट विचारतं ते असं: मालमत्ता रुपयामागे आठ आणेही भरत नाही, ते का? मागच्या तीन वर्षांच्या वह्या कुठे आहेत? फेडता येणार नाही हे माहीत असून धंदा चालू ठेवला का? सट्टा, जुगार, उधळपट्टी? ऑप्शन ट्रेडिंगमध्ये पैसे गेलेले असतील तर खातेउतारा तेच दाखवणार.

खतावणी_भोसरी

वह्या माझ्याकडेच आहेत, तीन वर्षांच्या टॅलीसह. जीएसटी बाकी नाही. लवाद कंपनीनेच नेमलेला दिसतोय, निवाड्याची प्रत मिळून दोन महिने झालेत.

दरखास्तवाला

मग या आठवड्यात वकील गाठा, आव्हानाचा महिना हातात आहे. क्रम असा ठेवा: आधी निवाड्याला आव्हान आणि स्थगितीचा वेगळा अर्ज, नुसत्या आव्हानाने दरखास्त थांबत नाही. त्याबरोबरच दरखास्तीत कलम ६० ची हरकत, पगार आणि घर दोन्हींवर. तिथे ऑपरेटर म्हणून सूट मिळाली तर कदाचित नादारीचा अर्ज करावाही लागणार नाही, तडजोडीला जोर येईल. नादारीची नोटीस राजपत्रात छापून येते, ते टळलं तर बरंच.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बायकोला स्वतःच्या हिश्श्यासाठी आणि दागिन्यांसाठी उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिचा वकील वेगळा असलेलाच बरा, दोघांचं म्हणणं सगळीकडे एक नसतं.

यादी करताना प्रत्येक घेणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम, आणि प्रत्येक वस्तूची किंमत आणि ती कुठे ठेवली आहे ते लिहा. गाळामालकाकडे अडकलेली अनामत लोक विसरतात. ती पण टाका.